वेन्चोचं नाक

वारा ओळखावा तर वेन्चो कानुलनंच, असं आमचं गाव चाळीस वर्षं म्हणत आलं, आणि त्या म्हणण्यानंच त्याचं डोकं फिरलं. नाक वर करून दोनदा हुंगायचा आणि सांगायचा, "तासाभरात समुद्रावरचं वारं सुटेल, होड्या आत घ्या." सुटायचंच. पुढं मासे आटले, तेव्हा हॉटेलवाल्यांनी त्याला किनाऱ्यावरचं शेवाळ ओढायला ठेवलं. उन्हाळा लागला की हे तपकिरी शेवाळ ढिगानं वाहून येतं, दोन दिवसांत कुजतं आणि त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. बायकांची चांदीची कर्णफुलं काळी पडतात, फ्रीजच्या नळ्या सडतात. माणसाच्या आतल्या नळ्यांची कुणी चौकशी करत नाही.

"हे टाकायचं कुठं?" मॅनेजरनं विचारलं, आणि या शहाण्यानं हॉटेलमागचा खड्डा दाखवला. "दिवसा वारा समुद्राकडून येतो साहेब. तुमच्या पाहुण्यांना वास लागणार नाही." बोलला ते खरंच होतं. पाहुण्यांना वास लागला नाही, आम्हाला लागला, कारण खड्ड्यापलीकडे आमची घरं.

गाव अंगावर गेलं, तर हा छाती काढून म्हणतो, "बोंबलता कशाला? सकाळी जमीन तापली की वायू घुसळत वर जातो आणि विरतो. अकराच्या सुमाराला समुद्राचा गार वारा जमिनीलगत शिरतो ना, तो त्याला वर उठू देत नाही, सरपटत तुमच्या दारात आणतो. तो शिरला की मी शंख फुंकेन. तुम्ही दारं लावून घ्या, म्हणजे झालं!"

पहिला उन्हाळा शंख वेळेवर वाजला. दुसऱ्या उन्हाळ्यात दोन-चार दिवसांआड वाजू लागला, मग बंदच पडला. रोज गुडघाभर कुजक्या ढिगात उभं राहून त्याचं नाक मेलं होतं. आम्ही आपापल्या नाकानं दारं लावत होतो आणि हा रस्त्यातून ऐटीत जायचा, "बघा, यंदा हवा कशी स्वच्छ!"

दुकानवाली कासिमिरा एकदा त्याच्या तोंडावर म्हणाली, "काका, नाक गेलंय तुमचं."

"तुझी अक्कल गेलीय. जळता तुम्ही माझ्यावर."

मग आम्हीही सोडून दिलं. खरं सांगायचं तर आम्हाला मजा वाटत होती. ज्यानं घाण आमच्या दारात आणली, त्यालाच ती कळू नये! बरी जिरली.

पण त्याच्या नाकावर एक माणूस अजून जगत होतं, त्याची बायको फेलिसियाना. चुलीच्या धुरानं तिची छाती आधीच भाता झालेली. डॉक्टरनं बजावलं होतं, हा वास आला की दार बंद, नाहीतर दम कोंडून जाल. ती विचारायची, "वास येतोय का हो?" हा म्हणायचा, "जरासुद्धा नाही. मी सांगतोय ना?" आणि दार सताड उघडायचा.

ऑगस्टातला एक दिवस, आमच्याकडचा ऐन उन्हाळा. त्यानं तिला उचलून अंगणात झाडांना बांधलेल्या झोळीत निजवलं. "हवा खा जरा," म्हणाला आणि तंबाखू आणायला दुकानात आला. कासिमिरानं तंबाखूच्या पुडीत माशाची तीन दिवसांची आतडी बांधून दिली. आम्ही पाच-सहा जण नाकाला रुमाल लावून बसलेलो. त्यानं पुडी नाकाशी नेली, खोल हुंगली आणि म्हणाला, "वा! ताजा माल दिसतोय."

अहो, हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पुडी उलगडली. आत पाहिलं. मग आमच्या तोंडावरचे रुमाल पाहिले, एकेक करून. आधी तोही कसंनुसं हसला. मग त्यानं विचारलं, "आज... बाहेर वास आहे?"

"अकरापासून!" कासिमिरा हसतच म्हणाली. "गावभर दारं बंद आहेत, दिसत नाही का?"

पुडी टाकून तो म्हातारा असा पळाला, की आमचं हसू जागीच विरलं. आम्ही मागोमाग गेलो. फेलिसियाना झोळीतून खाली जमिनीवर आली होती. ओठ निळे, बरगड्या वरखाली. शेजारी पाण्याची बादली आणि साबण. तिनं अंगावरचे कपडे भिजवून घेतले होते, मान आणि काखा चोळून चोळून लाल केल्या होत्या.

"अगं, हाक का नाही मारलीस? शेजारी कुणाला तरी!" वेन्चो ओरडला.

"कशी मारू?" श्वासाश्वासाला थांबत ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात... हवेला वास नाही. मग तो... माझाच असणार. उन्हाळाभर येतोय. आतून... नासले मी. लोकांना कशाला..."

त्यानं तिला छातीशी धरलं. "तुझा नाही गं! शेवाळाचा आहे तो, खड्ड्यातला. माझंच नाक मेलंय!"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. खोटी समजूत घालणाऱ्याकडे आजारी माणूस पाहतं, तसं. "खरं सांगा," ती म्हणाली. "हुंगा आणि सांगा."

त्यानं तिच्या केसांत तोंड खुपसून श्वास ओढला. पुन्हा ओढला. काहीच कळेना. तो रडायला लागला आणि ती समजली, वास आपलाच. हातानं त्याला दूर लोटत तिनं तोंड फिरवलं. दवाखान्याची गाडी फाट्यापर्यंत पोचायच्या आधीच ती गेली.