ठकीने कार्डाला पाडलेली खाच

ठकी पुन्हा रोख पैसे घेऊन फिरायला लागली असेल का? दोन दिवस डोक्यात हाच भुंगा आहे. तिने कार्डाने पैसे दिले की बँकेचा मेसेज माझ्या फोनवर येतो. खातं उघडताना तिच्या डोळ्यांवर उपचार चालू होते, म्हणून माझाच नंबर दिला होता. परवापासून एकही मेसेज नाही. फोन केला तर हसते, दुकान चालू आहे म्हणते. म्हणजे जेवतेय, खर्चही करतेय. मग पैसे कशाने देतेय?

ठकी माझी धाकटी लेक. एकोणतीस वर्षांची घोडी झाली तरी घरात ती ठकीच. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिची नजर अधू होत होत गेली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आम्ही दोघी गळ्यात गळे घालून रडलो. मग एके दिवशी तीच म्हणाली, "आई, आता पुरे. मला कंटाळा आला." आणि बाजारातल्या म्हाताऱ्या किल्लीवाल्याकडे काम शिकायला बसली. ते थकल्यावर दुकान तिने चालवायला घेतलं. वरच्या खोलीत ती एकटी राहते.

दुकान एवढंसं की आळस दिला तर दोन्ही हात भिंतींना लागतात. भिंतीवर खिळ्यांच्या ओळी, प्रत्येक खिळ्यावर एकेका जातीच्या कोऱ्या किल्ल्या. मशीनच्या एका चिमट्यात मूळ किल्ली, दुसऱ्यात कोरी. ती बोटाने दाते चाचपते, मशीन फिरवते, पितळेचा कीस ओढणीभर उडतो. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "ताई, दिसत नाही तर किल्ली कशी जमते?"

"लाइट गेल्यावर तुम्ही घराचं कुलूप उघडताच ना? तशी."

अडचण किल्ल्यांची नव्हती, पैशांची होती. घाईगर्दीत कोण कोणती नोट हातात कोंबेल याचा नेम नसे. म्हणून तिने कार्डं घेतली, एक दुकानाचं, एक घरखर्चाचं. पण दोन्ही हाताला सारखीच गुळगुळीत. दुकानाच्या कार्डावर तिने साबण आणावा आणि घरच्या कार्डावर पितळ!

मी म्हटलं, "एकावर बटण चिकटवून देऊ का?"

"दे. मशीनच्या घशात अडकलं की चिमटा घेऊन तूच ये."

मग बाईसाहेबांनी स्वतःच उपाय केला. कानस घेतली आणि दुकानाच्या कार्डाच्या कडेला छान खोल खाच पाडली. किल्लीवालीच ती! त्याच ऐटीत कोऱ्या किल्ल्या घ्यायला ठोक दुकानात गेली. कार्ड मशीनला टेकवलं, काही नाही. पुन्हा टेकवलं, तरी मशीन मख्ख. दुकानदार म्हणाला, "आत घालून पिन दाबा." मशीन नव्या तऱ्हेचं, काचेसारखं सपाट, त्यावर एक बटण नाही. मागे रांग वाढलेली.

"तुम्ही पिन सांगा ताई, मी दाबतो."

आणि आमच्या हुशार लेकीने तो खणखणीत आवाजात सांगितला! रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मागे नीट ऐकू आलं नाही हो!" अख्खं दुकान हसलं, ठकीही हसली. मी मात्र हे तिच्याकडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तिला धरून बँकेत नेलं.

बँकेतल्या बाईंनी कार्ड उलटंसुलटं केलं. "हे उंदराने कुरतडलं का?"

"उंदराने नाही, मी," ठकी म्हणाली.

बाईंनी हसू आवरून सांगितलं की कार्डाच्या पोटात, कडेने, केसासारखी बारीक तार फिरवलेली असते. नुसतं टेकवून पैसे जातात ते तिच्या जोरावर, आणि ठकीने नेमकी तीच कापली होती. मग म्हणाल्या, "अहो, खाच असलेली कार्डं आता आमच्याकडेच मिळतात." एका कार्डाला गोल खाच, दुसऱ्याला चौकोनी, दोन्ही तार चुकवून पाडलेल्या. ठकीने अंगठा फिरवला. "बरंय काम. कानस मात्र माझी बारीक आहे."

नवी कार्डं आणि नवा पिन घेऊन आम्ही खाली आलो. तिथे बोलणारं एटीएमही होतं. कानात इअरफोन घातला की पडदा काळा होतो आणि मशीन कानात सांगतं, बटणं चाचपून दाबायची. मी शेजारी उभी राहिले.

"आई, लांब हो."

मी झाले.

"अजून लांब. तुझा श्वास ऐकू येतोय."

आपले पैसे तिने पहिल्यांदाच कुणाला आकडा न सांगता काढले. नोटा हातात घेऊन वळली तेव्हाचं तिचं तोंड काय सांगू! आणि नेमका माझा फोन टुणकन वाजला. तिचं हसू तिथेच आखडलं. ती परत बाईंकडे गेली. नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवरून फोन करून तसं सांगावं लागतं, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "करते की." आणि राहिलंच. खरं म्हणजे मला ते मेसेज आवडायला लागले होते. औषधाचं दुकान दिसलं की मी विचारायची, "ताप आहे का?" चपलांचं दिसलं की, "रंग कुणाला विचारून घेतलास?"

गेल्या आठवड्यात खानावळीचा आकडा दुप्पट आला. मी लगेच फोन लावला. "आज फार भूक लागली होती का गं?"

"पाहुणा होता."

"कोण पाहुणा?"

"जेवणारा." मग हसत हसत म्हणाली, "आई, तू मला दिसत नाहीस आणि मी मात्र तुला सारखी दिसते. हे काही खरं नाही हं."

तेव्हा मीही हसले होते. त्यानंतरच मेसेज आटले. आता कळतंय, मला दिसू नये म्हणून ती नोटा वापरतेय. पुन्हा गर्दी, पुन्हा कुणीतरी हातात काहीतरी कोंबणार, आणि ती खाचेची कार्डं खणात पडून. चोराची भीती मला, आणि लेकीला नोटांकडे ढकलणारीही मीच.

ठकीला विचारायला गेले तर पाहुण्याचा विषय निघेल आणि माझी जीभ काही मला आवरणार नाही. म्हणून फोन तिला नाही. सकाळी बँक उघडली की याच नंबरवरून त्या बाईंना लावायचा. "नंबर बदला, ठकीचा घाला," एवढंच म्हणायचं. आणि तो पाहुणा कोण, हे त्यांना माहीत आहे का, असं मुळीच विचारायचं नाही.