नाव माझं, वय तिचं

ये गं बाई, बस अशी जवळ. कागदावर का होईना, पण बस. फोनवर नुसतं "हाव, हाव" करतीस, मधीच सासू हाक मारती अन् तू ठेवून देतीस. आईचं एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावं का न्हाई? म्हणून लिहून राहिले. तुमच्या वह्या वाचून शिकलेली बाई मी, चुकलं तर हसू नको.

तुझ्या थोरल्या बहिणीची झोप उडाली तेव्हा तिची पोरगी दीड वर्षाची होती. भिंतीशी बोलायची, लेकरू रडलं तरी हलायची न्हाई. मी तिला माहेरी नायगावला आणलं अन् नांदेडच्या खाजगी दवाखान्यात नेलं. त्याच आठवड्यात रेणापूरचे पाहुणे तुला बघून गेले होते. घरात डोक्याचा आजार हाय असं कळलं की सोयरीक मोडती, हे आपल्याकडं कुणी सांगावं लागतं का? रांगेत माझ्या मागं आपल्याच गावची एक बाई उभी. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नाव?" मी माझंच सांगितलं, माझं काय, गुडघ्याला आले म्हणता येतं. वय तेवढं हळूच तिचं सांगितलं. पुढं डॉक्टर तिला माझ्या नावानं हाक मारायचे अन् ती निमूट ओ द्यायची. मला तेव्हा लई हुशारी वाटली.

तुझं लग्न झालं. तुझी बहीण दवाखान्यातून घरी आली, पण गोळ्यांनी दिवसभर गुंगीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, लेकराला तिच्या एकटीच्या भरवशावर सोडू नका. मी सकाळी शाळेत खिचडी शिजवायला जाते. अंगणवाडी तीन वर्षांशिवाय घेत न्हाई. शेजारीण म्हणली, "सांभाळते की, पण काकू, माझी खुरपणी बुडती, काहीतरी द्यावं लागंल." तिकडून थोरल्या जावयाचा तगादा, "पोरीची सोय दाखवा, न्हाई तर मी तिला घेऊन जातो."

तेवढ्यात गावातल्या आशाताईनं सांगितलं, आई अशी आजारी असंल तर लेकराच्या सांभाळाला सरकारकडून बालसंगोपनचे पैसे मिळतात. फक्त डॉक्टरचे कागद लागतात. कागद तर माझ्याकडं पिशवीभर होते!

नांदेडच्या हापिसात मॅडमनं एकेक पान उलटलं. "मावशी, आजारी कोण हाय?"

"माझी लेक."

"पण नाव तुमचं हाय. अन् वय अठ्ठावीस."

"मग, दिसत न्हाई का मी अठ्ठावीसची?" मी हसून म्हणलं. मॅडम पण हसल्या. मग त्यांनी पिशवी बांधून माझ्या हातात दिली.

तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टर भले माणूस, पण म्हणाले, "मावशी, लिहिलेलं नाव मला बदलता येत न्हाई. तिच्या नावानं नवी फाईल काढू. पण पुन्हा तपासावं लागंल, काही महिने बघावं लागंल, मगच दाखला." जावयाला म्हणलं, तेवढं थांबा. ते म्हणाले, "कुणाच्या दाखल्यासाठी थांबू? कागदावर तर माझी बायको आजारीच न्हाई."

मंगळवारी त्यांनी नेलं पोरीला. जाताना मावशीच्या, म्हंजी तुझ्या घरी चाललो म्हणून खुशीत होती, कुणीतरी तसं सांगितलं असंल. तुझी बहीण उंबऱ्यात बसून होती. रडली न्हाई. संध्याकाळी मला म्हणली, "आई, तिची दुधाची बाटली धुवून ठिवली."

रोज धुती. नवी फाईल काढायची म्हणलं तर म्हणती, आता कशाला?

तुझ्यावर बोल न्हाई बाई, नाव मी सांगितलं होतं. पण लवकर ये. जावयाचं गाव तुझ्या वाटंवरच हाय. हाता-पाया पडून एका दिवसापुरती पोरीला संगं घेऊन ये. न्हाई दिली तर तू एकटी तरी ये.