माडीवरची हत्यारं

नाथाजी साळुंखे साताऱ्यात आलेल्या पाहुण्यांना शहर दाखवायचा. पाटण खोऱ्यातला गडी, मराठा पलटणीतून इटलीत लढलेला. तिथं मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला आणि पाय कायमचा आखडला. लढाई संपून घरी आला तेव्हा नांगर धरवेना. मग तात्या आठल्यांनी त्याला आपल्या खाणावळीत ठेवून घेतलं.

खाणावळ राजवाड्याजवळ, तात्यांच्या आजोबांपासूनची. खाली पंगत बसे आणि वर माडीवर आजोबांनी जमवलेली हत्यारं टांगलेली: तलवारी, पट्टे, ढाली. पुण्या-मुंबईची माणसं ती बघायला म्हणून येत आणि जेवून जात. तात्या त्यांना आधी किल्ल्यावर पिटाळत. "चढून या, म्हणजे भाकरी गोड लागेल."

नाथाजी लंगडत त्यांना अजिंक्यताऱ्यावर नेई. मंगळाईच्या बुरुजापाशी थांबून सांगे, "औरंगजेबानं हितं सुरुंग लावलं. पयला उडाला तवा आतली माणसं गाडली. दुसरा उडाला आन् तट बाहीर कोसळला. त्याचंच लोक खाली टपून बसल्यालं, ती समदी दगडाखाली." एखादी बाई तोंड फिरवी, तरी तो थांबत नसे. दगडाखालचा माणूस कसा कण्हतो, हेही सांगे. ते त्यानं इटलीत ऐकलं होतं.

अठ्ठेचाळीस साली दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारणारा ब्राह्मण निघाला, आणि इकडं ब्राह्मणांची घरं पेटू लागली. सांगलीकडून धुराच्या बातम्या आल्या. तात्यांच्या पत्नी चारुशीलाकाकू म्हणाल्या, "आपण चार दिवस कुठंतरी जाऊ." तात्या म्हणाले, "या गावाला तीन पिढ्या जेवू घातलंय. आपल्याला कोण हात लावतंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारीच जमाव आला. कुऱ्हाडी, पहारी, रॉकेलचे डबे. नाथाजी दारात आडवा उभा राहिला. पुढं होता धुळा, त्याच्याच गावचा, त्याच्याच पलटणीतला. इटलीत गोळ्यांच्या माऱ्यातून नाथाजीला पाठीवर टाकून मागं आणलं ते यानंच.

"नाथा, सरक बाजूला. तुझं आमचं काय वाकडं न्हाई."

"आत म्हातारी माणसं हायत, धुळा. मागं फिर."

मागच्यांनी रेटा दिला आणि दार मोडलं. नाथाजीच्या बरगडीत पहार बसली, तो भिंतीशी कोसळला. माणसं त्याला तुडवत माडीवर चढली. भिंतीवरच्या तलवारी ओरबाडल्या, ढाली जिन्यावरून गडगडत खाली आल्या. तात्या जिन्यात आडवे गेले. कुणीतरी कुऱ्हाडीचा बोथट तुंबा त्यांच्या डोक्यात घातला. तात्या खालच्या पायरीवर येऊन पडले, ते पुन्हा हलले नाहीत.

काकूंनी स्वयंपाकघराला आतून कडी घातली होती. धुळा त्या दारावर रॉकेल ओतत होता.

"आत काकू हायत," नाथाजी म्हणाला.

"पेटलं की येतील बाहीर."

धुळानं काडीपेटी काढली. नाथाजीनं जिन्याशी पडलेली तलवार उचलली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मारली. धुळाचा उजवा हात मनगटाच्या वर लोंबू लागला. तो ओरडलाही नाही, नुसता हाताकडं बघत खाली बसला. जमाव क्षणभर मागं हटला. तेवढ्यात नाथाजीनं खांद्यानं दार फोडलं आणि काकूंना परसातून बाहेर काढलं. मग तो एकटाच मागं वळला, तात्यांना आणायला. लोकांनी त्याला काठ्यांनी झोडपलं, जबडा मोडला. माडी तोवर पेटली होती. तात्या आतच जळाले.

धुळाचा हात मिरजेच्या दवाखान्यात कापावा लागला. पोलिसांना नाथाजीनं सरळ सांगितलं की वार मीच केला. धुळानं मात्र जबानी दिली, "पळताना पत्र्यावर पडलो." तात्यांना कुणी मारलं, हे कुणीच पाहिलं नव्हतं.

जाळपोळ निवल्यावर काकू सांगलीला माहेरी गेल्या. नाथाजीही गेला. कृष्णेच्या घाटाजवळ त्यांनी खाणावळ काढली, आणि नाथाजी गिऱ्हाइकांना घाट, गणपतीचं देऊळ दाखवू लागला. वाकड्या जबड्यातून शब्द नीट फुटत नसत. लढायांचं कुणी विचारलं, तर तो म्हणे, "त्ये दुसऱ्या कुणाला इचारा."

वर्षभरानं एका सकाळी धुळा पंगतीत येऊन बसला. अंगावर जुना लष्करी कोट, उजवी बाही दुमडून टाचलेली. नाथाजी आत गेला आणि काकूंना म्हणाला, "त्यो आलाय. हाकलू?"

काकूंनी ताट वाढलं आणि स्वतः बाहेर आणून ठेवलं. धुळा मान खाली घालून होता.

"काकू, मी..."

"जेवा," त्या म्हणाल्या. "पण परत या दारात येऊ नका."

तो डाव्या हातानं भाकरी मोडू लागला. ती मोडेना. काकू आत निघून गेल्या. थोड्या वेळानं नाथाजी त्याच्यासमोर उकिडवा बसला, ताट आपल्याकडं ओढलं, भाकरी कालवणात कुस्करली आणि ताट परत सरकवलं. धुळा जेवला, हात धुतला आणि स्टेशनच्या वाटेला लागला.