बाबांच्या डोक्याचं माप

त्या दुपारी बाबांनी मला विचारलं, "बाई, तुमचं गाव कोणतं?"

मी त्यांची सख्खी मुलगी. त्यांच्याच घरात राहते, सकाळी त्यांच्याच हातचा चहा पिऊन शिलाई मशीनवर बसते. आणि दवाखान्याच्या खाटेवरून ते माझ्याकडे असे पाहत होते, जशी मी बस चुकलेली कोणी परकी बाई. विचारलंही किती अदबीनं! जन्मात त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलेलं नाही.

झालं होतं एवढंच, की सकाळी सायकलवर जाताना कुत्रं आडवं आलं आणि बाबांचं डोकं दुभाजकावर आपटलं. वरून पाहिलं तर एक खोक आणि थोडे टाके. पण आत काय हललं होतं कोणास ठाऊक. संध्याकाळपर्यंत हळूहळू सगळं जागेवर आलं. चहाचा घोट घेतला आणि खेकसले, "साखर काहून कमी टाकली वं?" तेव्हा मी जिन्यात जाऊन पोटभर रडून घेतलं. डॉक्टर म्हणाले, या वेळी निभावलं, पण या डोक्याला आता दुसरा मार बसता कामा नये.

बाबांना त्या दुपारचं काहीच आठवत नाही. आम्हीही सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार, की तुम्ही मला गाव विचारलं म्हणून?

धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्यानं फोनवरून फर्मान काढलं, "ताई, सायकल विकून टाक." मी उसळलेच. म्हटलं, "तू ये न गा इथं. तूच विक, अन् मग त्यांच्यासमोर दिवसभर तूच बसून राह्य." फोनवरून शहाणपण शिकवायला काय जातं? आई गेल्यापासून बाबांना त्या सायकलीनंच उभं ठेवलंय. पहाटे विहारात वंदना, तिथून मानेवाड्याच्या टपरीवर जुन्या सोबत्यांबरोबर चहा, येताना पिशवीत सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी. सायकल गेली की बाबा खाटेवर बसणार, आणि या वयात बसलेला माणूस उठत नाही. आईच्या वेळी पाहिलं आहे मी.

म्हणून मी अट घातली. सायकल राहील, पण डोक्यावर हेल्मेट असेल तरच.

आधी भावाचं मोटरसायकलचं जुनं हेल्मेट काढलं. फुकटात काम होत असेल तर कोणाला नको? बाबांनी ते फाटकापर्यंत घातलं आणि तिथूनच परत आले. "डोक्यावर कुकर ठेवून देल्ला तू," म्हणाले. नागपूरचा मे महिना, त्यात ते काचेचं झाकण. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग सायकलवाल्यांचं वेगळं, हलकं, भोकाभोकांचं हेल्मेट घ्यायला आम्ही बर्डीच्या बाजारात गेलो. तीन-चार ब्लाउजच्या शिलाईत बसेल तेवढंच घ्यायचं, हे मी घरूनच ठरवून निघाले होते. भाऊ पैसे पाठवतो म्हणाला होता. ज्याला सायकल विकायची आहे त्याच्या पैशाचं हेल्मेट मला नको होतं.

आता माझी फजिती ऐका. मी ब्लाउज शिवणारी बाई. बेसा भागातल्या आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, अर्ध्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत. कोण दिवाळीत भरली, कोण काळजीनं वाळली, हे मला त्यांच्या नवऱ्यांच्या आधी कळतं. मापाच्या बाबतीत मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. दुकानात बाबा डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून आले होते, उन्हाळ्यात इथं सगळेच गुंडाळतात. मी म्हटलं, राहू द्या तसाच. आतून जे घालायचं त्याच्यावरूनच माप घ्यायचं असतं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. वर दोन बोटांची ढील ठेवली, हा दुसरा नियम. अंगाला चिकटलेलं कापड उसवतं. दुकानदार म्हणाला, "एकदम मस्त बैठा, ताई." मी ऐटीत पिशवी उचलली.

घरी पंख्याखाली बाबांनी दुपट्टा सोडला, हेल्मेट घातलं आणि मान वळवली. मान वळली, हेल्मेट तिथंच! दुसऱ्यांदा वळवली तर ते नाकावर येऊन बसलं. "घमेलं आणलं वं तू," बाबा म्हणाले आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. मी आधी त्या दुकानदाराला शिव्या घातल्या, मग स्वतःला. तेवढ्यात ब्लाउज न्यायला आलेली शेजारीण म्हणाली, "त्यात काय, ब्लाउजचे दोन कप घालून दे आतून." आणि मी खरंच डब्यातून कप काढले हो! सुई ओवली. मग बोटांनी चाचपून पाहिलं, तर कप हेल्मेटला चिकटेल, पण डोकं त्या कपावरून घसरणारच. माझा हात थांबला. ज्या डोक्याला दुसरा मार बसता कामा नये, त्याला मी जुगाडावर रस्त्यात पाठवत होते.

मग मोबाइलवर शोधत बसले. हेल्मेटला ढील चालत नाही. उघड्या डोक्यावर घट्ट बसलं पाहिजे, पण दुखता कामा नये. हेल्मेट हलवलं तर कपाळाची कातडीही सोबत हलली पाहिजे. बांगडीवाली काचेची बांगडी भरते ना, तसलं हे माप. मी टेप घेतला आणि बाबांना स्टुलावर बसवलं.

आणि टेप त्यांच्या कपाळावरून मागे नेता नेता माझ्या लक्षात आलं, की या डोक्याला मी आयुष्यात कधी हातच लावला नव्हता. पायांना लावला होता. दर सणाला, परीक्षेच्या दिवशी, माझ्या लग्नात, आणि ते लग्न मोडून परत आले त्या संध्याकाळीही. बापाच्या पायांना हात लावायचा असतो, डोक्याला लेक कशाला लावेल? दवाखान्यात पट्टी बांधली तीसुद्धा नर्सनं. केस लहान बाळाच्या जावळासारखे विरळ झाले होते. खोकेची जागा बोटाला लागली. कानशिलाशी एक शीर सावकाश उडत होती, आणि डोकं गरम होतं. मी टेप जुळवला, आकडा वाचला, मला पटेना. पुन्हा जुळवला. बाप्पा! एवढंसं डोकं?

तुम्हाला सांगते, हे माझे बाबा. टपाल खात्यात सॉर्टर होते. आगगाडीच्या डब्यात रात्र-रात्र उभं राहून पत्रं लावायचे. भिवापूरकडची वाडी कोणती आणि काटोलकडची कोणती, कोणत्या गावाला नदीमुळं टपाल उलट्या वाटेनं जातं, सारं डोक्यात. पत्ता अर्धा पुसलेला असला तरी आडनाव पाहून गाव सांगायचे. लहानपणी आम्ही नकाशा घेऊन त्यांना हरवायला बसायचो, आणि नकाशात नसलेली गावंही ते सांगायचे. घरात त्यांचा आवाज चढला की आम्ही भावंडं पलंगाखाली. एवढा मोठा माणूस, एवढी गावं, एवढा संताप, आईची सगळी आजारपणं, आणि मीसुद्धा, सगळं या माझ्या दोन तळव्यांत मावणाऱ्या डोक्यात ठेवलेलं! मी तशीच उभी राहिले. एवढ्याशा जागेत कसं काय राहतं हो एवढं? आणि एक कुत्रं आडवं येतं काय, आणि त्यातली मी नेमकी बाहेर पडते काय!

"टेप घेऊन झोपली का वं?" बाबांनी विचारलं.

"झालं, झालं," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्डी. दुकानदारानं कुरकुर केली, पण बिल होतं आणि वस्तू कोरी होती. बदलून द्यायला तयार झाला. या वेळी मी बाबांचा दुपट्टा आधी सोडवला आणि एकेक हेल्मेट घालून त्यांना मान हलवायला लावली. वर-खाली, उजवी-डावी. महागातलं एक फार देखणं होतं, पण मागून डुगडुगत होतं. दुसरं कपाळावरून मागे सरकत होतं, टोपीसारखं. मला पाहिजे होतं भिवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली जुळणारे आणि हनुवटीखाली जेमतेम एक बोट जाईल असं. गिऱ्हाईकं खोळंबली, दुकानदार घड्याळ पाहू लागला. पाहू दे. ब्लाउज बिघडला तर उसवता येतो.

शेवटी एक बसलं. असं बसलं, की बाबांनी मान झटकली तरी ते डोक्याचाच भाग असल्यासारखं राहिलं. मागं एक चक्री होती, ती फिरवली की आणखी आवळायचं. किंमत माझ्या हिशेबात होती, आणि वजन तर भाजीच्या जुडीएवढं. अडचण एकच. ते लहान पोरांच्या रांगेतलं होतं, पोपटी, आणि बाजूला ससा काढलेला.

बाबांनी आरशात पाहिलं आणि काढून काउंटरवर ठेवलं. "मी का शाळेत जाऊन राहिलो? विहारात लोक हासतीन. हे नाई जमत."

"दुसऱ्या रंगात नाही आहे, बाबा. मी विचारलं."

"मंग नको. मले हेल्मेटच नको. इतकी वर्षं कोणतं होतं?"

"बाबा, घाला ना."

"एकदा सांगितलं न तुले!"

तोच आवाज, पलंगाखाली धाडणारा. इतके दिवस दातांखाली दाबलेलं माझ्या तोंडून सुटलं. भर दुकानात. "त्या दिवशी दवाखान्यात तुमी मले वळखलं नाई, बाबा! मले म्हणे, बाई, तुमचं गाव कोणतं. अर्धा दिवस मी तुमच्या उशाशी होती अन् तुमी मले परकी समजत होते. मले पुन्हा नाई पाहाची तशी दुपार. ससा असो का माकड असो, माह्यासाठी घाला!"

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला जीभ हासडून टाकावीशी वाटली. ते इतकंच म्हणाले, "तुले इचारलं मी? तुले?" मग त्यांनी काउंटरवरचं हेल्मेट उचललं आणि स्वतःच डोक्यावर चढवलं. पट्टा त्यांना जुळेना. मी जुळवून दिला.

लोक हसले, नाही असं नाही. टपरीवर त्यांना कोणी 'ससेराव' म्हणालं म्हणे. बाबा ऐकून घेत. घरातून निघताना मान झटकून मला दाखवत, आणि मी मशीनवरून मान डोलावली की पायडल मारत.

दसऱ्यानंतरची गोष्ट. आमच्या लेआउटमध्ये रोज एक नवं घर उठतं, आणि रेती, गिट्टी सगळी रस्त्यावर. त्या सकाळी शेजारीण फाटकातून ओरडली, "वं ताई, काकाजी पडले! वळणावर!"

मी होते तशी धावले. गळ्यात टेप, हातात कुणाच्यातरी ब्लाउजची बाही. वळणावर चार माणसं वाकून उभी होती. सायकल रेतीत आडवी, आणि बाबा तिच्या बाजूला, कुशीवर, डोळे मिटलेले. कोणीतरी हेल्मेट काढायला हात घातला होता. मी किंचाळले, "हात नका लावू!" आणि खाली बसले.

हेल्मेटला वरून खालपर्यंत तडा गेला होता. सशाच्या मधोमध. आत थर्माकोलासारखं काहीतरी पांढरं दिसत होतं. थर्माकोल, बाई! मूठभर थर्माकोल मध्ये पडला आणि रस्त्याचा सगळा मार त्यानं स्वतःवर घेतला. त्याच्याखाली खरचटलंसुद्धा नव्हतं. माझा विश्वास बसेना. मी त्या तड्यावरून बोट फिरवत राहिले.

मग बाबांनी डोळे उघडले.

माझ्याकडे पाहिलं. आणि पाहतच राहिले. कोणीतरी म्हणालं, काकाजी, बरे आहात ना? त्यांनी उत्तर दिलं नाही. मला विचारायचं होतं, बाबा, मी कोण? पण धीर होईना. विचारलं आणि त्यांनी अदबीनं 'बाई' म्हटलं तर? मी श्वास धरून त्यांच्या ओठांकडे पाहत होते. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली सरकली, टेपावरून, साडीवरून, पार माझ्या पायांपर्यंत गेली. कपाळाला आठी पडली.

"चप्पल कुठं हाय तुही?" बाबा म्हणाले. "एवढीशी होती तवापासून सांगून राहिलो, अनवाणी धावू नको म्हणून. आयकलं का कधी?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "नाही आयकलं." आणि भर रस्त्यात, सगळ्या लेआउटसमोर, त्यांच्या छातीवर डोकं ठेवून मी मोठमोठ्यानं रडू लागले.