वेशीवाल्याची भाकरी

नम्रता धुरीने चाळीसेक पुस्तकं लिहिली होती आणि त्यातल्या एकावरही तिचं नाव नव्हतं. दादरच्या ज्या प्रकाशनात ती तरुणपणापासून काम करते, तिथे मुलांच्या पुस्तकांवर ‘लेखन : संपादक मंडळ’ असं छापायची पद्धत आहे. हे मंडळ म्हणजे एकटी नम्रता. प्राणीगीतं मंडळाची, चित्रकोडी मंडळाची, बोधकथाही मंडळाच्याच. प्रकाशक जगदीशराव तिला ‘धुरीबाई’ म्हणतात, रोज आग्रहाने चहा पाजतात आणि नावाचा विषय निघाला की पंख्याकडे बघत बसतात. माणूस वाईट नाही, पण या एका बाबतीत कानात बोळे घालून बसलेला.

मग ‘काजळगड’ आलं. हा एका परदेशी कंपनीचा गेम, मोठ्यांसाठी केलेला. त्यात ऊन नाही, मूल नाही, हसणारा माणूस औषधालाही नाही. एक जळून गेलेलं शहर, त्याच्या तटाबाहेर भुकेल्यांची फौज, आणि गल्लीबोळात जो भेटेल त्याने तुम्हाला मारायचं किंवा तुम्ही त्याला. आता याची म्हणे आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी मराठी पुस्तकं करायची. म्हणजे कारल्याची खीर करायची आणि वर मुलांनी ती वाटी चाटून खाल्ली पाहिजे.

पण त्या कंपनीचा एक नियम होता. पुस्तक ज्याने लिहिलं त्याचं नाव मुखपृष्ठावर हवंच. जगदीशरावांचा इलाज चालला नाही. मुखपृष्ठाचा नमुना आला, त्यावर खाली बारीक अक्षरात ‘नम्रता धुरी’ असं होतं. तिने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पन्नाशीला टेकलेल्या बाईने असलं काही करावं याचं तिचं तिलाच हसू यायचं, तरी काही काम नसताना ती ते कपाट उघडायची.

काम तिने जीव ओतून केलं. गेममध्ये नसलेली दोन भावंडं आणली, रक्ताच्या जागी काजळी आणली, मुंडकी उडायची तिथे दिवे विझवले. काळोख मात्र तसाच ठेवला. मुलांना भीती आवडते, फक्त भीती वाटताना शेजारी कोणीतरी बसलेलं लागतं, हे चाळीत वाढलेल्या बाईला कोणी शिकवायला नको.

पहिलं पुस्तक तपासायला कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून आकांक्षा आली. अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली, शाळेत असल्यापासून काजळगड खेळणारी मुलगी. जगदीशरावांच्या केबिनमध्ये बसून तिने पानं भराभर उलटली. शेवटच्या प्रकरणावर तिचं बोट थांबलं आणि तिथून हललंच नाही.

“ताई, बाकी सगळं एकदम मस्त झालंय. पण हे काय? वेशीवाला व्हिलन आहे.”

“व्हिलन?” नम्रता म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

वेशीवाला म्हणजे काजळगडचा मेलेला पहारेकरी. शहर जळलं तरी तो दरवाज्यापाशी लोखंडी काठी आपटत फिरत राहतो. तो दिसत नाही, काठी तेवढी ऐकू येते. खेळणाऱ्याने त्याला मारायचं, दरवाजा उघडायचा आणि पुढे जायचं. नम्रताच्या पुस्तकात भावंडं संध्याकाळी वेशीवर भाकरी ठेवतात, आणि वाट चुकली की वेशीवाला काठी वाजवत त्यांच्या मागून चालतो, त्यांना घरापर्यंत सोडतो.

“तो कोणाला घरी सोडत नाही,” आकांक्षा म्हणाली. “मी त्याला कितीदा मारलंय. हे तुम्ही कुठून आणलंत?”

कुठून म्हणजे? नम्रता मालवणी. कोकणात गावाच्या वेशीवर राखणदार असतो, तो दिसत नाही, त्याच्या काठीचा आणि वहाणांचा आवाज येतो. चुकल्यामाकल्याला तो घरी आणून पोचवतो, म्हणून त्याला रोट, म्हणजे जाड भाकरी द्यायची, नारळ द्यायचा. कंपनीच्या कागदात ‘अदृश्य, काठी, वेस’ एवढं वाचल्यावर तिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मालवणी घरातल्या कोणाच्याही आलं नसतं.

पण खरी गोष्ट याहून जवळची होती, आणि ती तिला आत्ता, आकांक्षाचं बोट पानावर असतानाच उमगली. तिचे बाबा, दगडू धुरी, लालबागच्या एका मिलमध्ये पहारेकरी होते. मिल बंद पडली, माग भंगारात गेले, तरी मालकांनी दोन-चार पहारेकरी ठेवले होते. चाळ मिलच्या भिंतीला लागून. रिकाम्या मिलमधून बाबांची काठी वाजत राहायची आणि त्या आवाजावर नम्रता झोपायची. संध्याकाळी गेटवर भाकरी पोचवायचं काम तिचं. आई चेष्टेने म्हणायची, आमचो राखणदार. मग टॉवरसाठी गेट पाडलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बाबा त्यानंतर फार जगले नाहीत. यातलं ती केबिनमध्ये काही बोलली नाही. चारचौघांत डोळ्यात पाणी आणायची तिला सवय नव्हती.

“हे असंच वर कंपनीत पाठवलं तर ते दुसऱ्या कोणाला काम देतील,” आकांक्षा म्हणाली. ती धमकी देत नव्हती, खरं तेच सांगत होती. रविवारी लालबागला मुलांसमोर वाचन ठरलं होतं. ते रेकॉर्ड करून वर पाठवायचं होतं आणि त्यावरच होय-नाही ठरणार होतं. तोवर शेवट बदलायचा.

“एक प्रकरण तर आहे, धुरीबाई,” जगदीशराव पंख्याकडे बघत म्हणाले. “नाव जाईल हो हातचं.”

तिने शेवट बदलला. भावंडं कंदील वर करतात, त्या उजेडात वेशीवाला पहिल्यांदा दिसतो आणि राखेसारखा ढासळतो, दरवाजा उघडतो. प्रकरण झकास उतरलं, आणि ते तसं उतरलं याचीच तिला शरम वाटली. बापाला मारायचं तर निदान हात तरी थरथरायला हवा होता. नवी पानं तिने पिशवीत घातली. जुनी काढून ठेवायला ती विसरली, की मुद्दाम विसरली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

वाचन तिच्याच चाळीच्या गणपती मंडळाच्या खोलीत होतं. ढोल-ताशे एका कोपऱ्यात सारून सतरंजी घातली होती. मुलं दाटीवाटीने बसली, मागे भिंतीला टेकून काही आया आणि नम्रताची आई सुंदराबाई. आईचं वय झालेलं, गुडघे गेलेले, पण लेकीचं वाचन म्हणून ती काठी टेकत जिना उतरून आली होती. आकांक्षाने फोन स्टँडवर लावला. तांबडा ठिपका लुकलुकायला लागला.

नम्रता वाचत गेली. काळोख आला तशी मुलं एकमेकांना चिकटली. भुकेले तटावर नखं घासायला लागले तेव्हा पुढची पोरं मागे सरकली. मग काठी वाजली. पानावर लिहिलेलं नव्हतं, तरी नम्रताने टेबलावर बोटाच्या पेराने टकटक केलं. मागे आईने मान वर केली.

शेवटचं प्रकरण आलं. कंदील वर झाला, वेशीवाला दिसला, ढासळला. दरवाजा उघडला. पुढच्या ओळीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. आकांक्षाने अंगठा वर केला. काम झालं होतं. नाव हातात होतं.

“मगे आता वेशीर कोण?” मागून सुंदराबाईचा आवाज आला.

टाळ्या विरल्या. मुलं वळून बघायला लागली. नम्रताने आकांक्षाकडे पाहिलं, कारण पुढे काय होतं ते तीच खेळून आली होती.

“आजी, मग दरवाजा उघडा राहतो ना,” आकांक्षा म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. “मग भुकेले आत येतात. पुढची लेव्हल तीच असते.”

“तर मगे तेका मारल्यानी कित्याक?”

शाळकरी वयापासून आकांक्षाने त्याला मारलं होतं, आणि त्याला मारल्यावरच फौज आत येते हेही तिला तेव्हापासून ठाऊक होतं. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायची पाळी तिच्यावर आली नव्हती, एवढंच.

तांबडा ठिपका अजून लुकलुकत होता. गप्प बसलं तर मुखपृष्ठ तिचं होतं. पोरं आपसूक घरी गेली असती, आई जिना चढून वर गेली असती, आणि कोणाला काही कळलं नसतं. तिने पिशवीत हात घातला.

“या गोष्टीला दुसरा शेवट आहे,” ती म्हणाली. “आधी तोच लिहिला होता. वाचू?”

हे ती मुलांना विचारत होती, पण बघत होती आकांक्षाकडे. आकांक्षा उठून फोनपाशी गेली. नम्रताला वाटलं, बंद करणार. पण आकांक्षाने फोन जरासा वळवला, मागे बसलेली सुंदराबाईही दिसेल इतका, आणि परत जागेवर जाऊन बसली.

नम्रताने वाचलं. वेशीवरची भाकरी, मागून येणारी काठी, घराच्या उंबऱ्यापाशी थांबलेला आवाज. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. एका मुलीने विचारलं, त्याला भाजी नाही का देत? नम्रता म्हणाली, देऊ की.

“मी पाठवते,” जाताना आकांक्षा म्हणाली. “हो म्हणतील की नाही, सांगता येत नाही हां, ताई. मी भांडेन थोडं.”

मग नुसती वाट बघणं. नम्रता कपाट उघडेनाशी झाली. जगदीशरावांचा चहा ती तसाच थंड होऊ द्यायची. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की वाटायचं, काय मिळवलंस बाई? अख्ख्या आयुष्यात एकदा हाती आलेलं, ते एका भाकरीपायी घालवलंस.

होकार आला तो अटी घेऊन. वेशीवाल्याने बोलायचं नाही, हसायचं नाही, त्याचं तोंड दाखवायचं नाही. नम्रताला हसू फुटलं. बाबा तरी कधी कुठे बोलायचे?

तिनेही जगदीशरावांना एकच गोष्ट सांगितली, मुखपृष्ठावर छोटासा बदल. त्यांनी या वेळी पंख्याकडे पाहिलं नाही.

पुस्तक छापून आलं तेव्हा ते तिने घरी आईच्या मांडीवर ठेवलं. सुंदराबाईला जेमतेम अक्षरओळख. तिने चष्मा पुसला आणि खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द लावत गेली. नम्रता. मग बोट पुढे सरकलं आणि मधल्या शब्दावर अडलं. तो तिने मोठ्याने वाचला नाही. नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे.

नम्रतानेच वाचून दाखवलं, “नम्रता दगडू धुरी.”

सुंदराबाईने पुस्तक मिटलं आणि विचारलं, “भाकरी ठेवलंस मां गो तेंका?”

“ठेवली, आये,” नम्रता म्हणाली. “भाजीपण ठेवली.”