दौलू गुळव्या परीक्षा घेतो

रविवारची दुपार. डॉ. मृणाल शिरगुप्पे यांनी डब्यातलं भरलं वांगं चाटूनपुसून संपवलंय आणि आता त्या आपल्याच खोलीतल्या पेशंट तपासायच्या पलंगावर 'नुसती पाठ टेकते' असं स्वतःला खोटं सांगून आडव्या झाल्यात. दवाखाना सुट्टीमुळे शांत आहे. टेबलावर लॅपटॉप उघडा आहे. त्यात त्यांच्या तीन वर्षांच्या कामाचा अहवाल आहे, आणि अहवालाचं शेवटचं वाक्य त्यांनी जेवायच्या आधीच, मन घट्ट करून लिहून टाकलंय.

डोक्याला जबर मार लागलेल्या साठ माणसांवर मृणालबाईंनी एक उपचार करून पाहिला. एक गोळी आणि तिच्याबरोबर रोज तासभर मेंदूला सराव. तीन वर्षं तपासण्या घेऊन आकडे मांडले, तर फरक जवळपास शून्य. म्हणून ते वाक्य: 'या उपचाराचा उपयोग होत नाही, अभ्यास थांबवावा.' उद्या सकाळी ते समितीकडे जाईल. समिती मान डोलावेल आणि खालच्या मजल्यावरच्या सरावाच्या खोलीला कुलूप लागेल. त्या खोलीत अजून चाळीस माणसं येतात. वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय. पण आकड्यांपुढे कुणाचं चालतं?

वर पंखा टकटकतोय. मृणालबाईंचे डोळे मिटतात, किंचित उघडतात, परत मिटतात. टकटक लांब जाते आणि तिची घरघर होते, उसाच्या चरकाची असते तशी. खोलीत गोडसर धुराचा वास येतो. पेशंटच्या स्टुलावर कुणीतरी बसलंय.

"झोपलाय व्हय, डाक्टरीनबाई?"

दौलू चौगुले. नदीपलीकडच्या गावातला गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळावर रस आटवून गूळ करणारा कारागीर. अभ्यासातला चौतिसावा पेशंट. मागल्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं गेला, आणि मृणालबाईंनी त्याच्या फाइलवर स्वतःच्या हातानं तारीख घातली होती. तीच इस्त्रीची टोपी, तोच एक बटण तुटलेला शर्ट.

"मामा, तुम्ही तर गेलात."

"गेलोय की! म्हणून तर नंबर न लावता आत आलो."

मृणालबाईंना हसू फुटतं. मेलेल्या माणसाशी कसं वागावं हे त्यांना कुठल्याच कॉलेजात शिकवलेलं नाही, तेव्हा त्या उठून बसतात आणि नेहमीसारखं विचारतात, "झोप लागते का?"

"लागती. लई लागती," दौलू म्हणतो. मग लॅपटॉपकडे बोट करतो. "त्ये वाचलं मी."

"इंग्रजीत आहे ते."

"मेल्यावर समदं वाचाय येतंय. चला, उठा. माझी परीक्षा तुमी चौदा येळा घेतली. आज तुमची."

तो दार उघडून निघतोसुद्धा. मृणालबाई सपाता घालून त्याच्या मागे जातात. बाहेर तोच व्हरांडा आहे, तीच बाकडी, 'शांतता राखा'ची पाटी. चार पावलांवर पायाखाली चिपाडं कुरकुरायला लागतात. स्कॅनिंगच्या खोलीतलं यंत्राचं गोल तोंड आतून लालभडक पेटलंय, आणि कुणीतरी त्यात चिपाडाचे भारे सारतंय. मृणालबाईंना त्याचं काहीच वाटत नाही. फक्त यंत्राजवळ धातू न्यायचा नाही म्हणून त्या कानातले काढून खिशात ठेवतात.

त्यांचं तपासणीचं टेबल पुढेच आहे, पण ते आता रस आटवायची भलीमोठी काहील झालंय. आत उसाचा रस रटरटतोय. काठावर दवाखान्याच्या मालमत्तेचा स्टिकर मात्र जागच्या जागी आहे.

दौलू एका पायावर भार देऊन उभा राहतो. "सांगा, किती शिजलंय?"

मृणालबाई वाकून बघतात. बुडबुडे दिसतात. "अर्धं?"

"शून्य," म्हणत दौलू हवेत काहीतरी लिहितो. "बरं, शंभरातनं सात सात कमी करत या."

हे त्यांना येतं. हा त्यांचाच प्रश्न आहे. "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर..."

"बास, बास! तेवड्यात माझं आधण करपलं की वो!"

आणि खरंच, काहिलीतला रस काळाठिक्कर होतो, धूर निघतो, आणि पुढच्या क्षणी पुन्हा ताजा हिरवट रस रटरटायला लागतो. दौलू मनापासून हसतो. जिवंतपणी तो असा हसलेला मृणालबाईंनी पाहिला नव्हता. त्यांच्यासमोर तो नेहमी हात जोडून, खाली बघत बसायचा.

"तुमची ती वळखायची चित्रं आठवत्यात?" तो विचारतो. "एक गोल पांढरं काढलेलं. मी म्हटलं, रांजण पालथा घातलाय. तपासणाऱ्या पोरीनं फुली मारली. म्हणं बर्फाचं घर! आमच्या तालुक्यात कोन बांधतंय वो बर्फाचं घर?"

"चित्रं परदेशातून आली होती, मामा. आम्ही नुसती नावं मराठीत केली."

"त्ये कळलंच."

तो काहिलीच्या काठानं चालत राहतो आणि मृणालबाई त्याच्याबरोबर. आता आजूबाजूला ऊस आहे आणि उसाच्या सरीत दवाखान्याची बाकडी मांडलीत. चालता चालता दौलू सांगतो, अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं. ओढ्यावरच्या मोरीवरून मोटारसायकल घसरली, डोकं दगडावर आपटलं. त्यानंतर दोन आधणं, म्हणजे दोन काहिली रस, करपली. गूळ खाली घ्यायचा क्षण डोक्यात यायचा, पण हातापर्यंत पोचेस्तोवर निघून जायचा. तिसरं आधण कुणी त्याच्या हाती दिलं नाही.

"तीस वर्सं गुळव्या म्हणून मान व्हता. मग घरात बसलो. आमची कारभारीण, आक्काताई, भाकरी पुढ्यात ठेवायची, तर तिच्याकडं बगायची बी लाज वाटायची."

"मला हे कधी बोलला नाहीत."

"तुमी इचारलं न्हाईसा. तुमी सात इचारलं."

मृणालबाई लिहून घ्यायला खिशात पेन शोधतात, हाताला कानातलेच लागतात.

"मग तुमच्या गोळ्या सुरू झाल्या, सराव सुरू झाला," दौलू म्हणतो. "पाचव्या म्हयन्यात आक्काताई मला वडत गुऱ्हाळावर घेऊन गेली. मालकासंगं भांडली. एक आधण द्या म्हणली. मी गार पाण्यात बोटं घातली, पाक घेतला, पाण्यात धरला. पाकाची घट्ट गोळी झाली. आन् हाताला कळलं! डोक्याच्या आदी हाताला कळलं. वरडलो, काडा! असा पिवळाधम्मक गूळ पडला म्हणता..."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. शेवटच्या तपासणीला तुमच्या टेबलावर ढेप कुणी ठेवली?"

आणि मृणालबाईंना आठवतं. स्वप्नातलं नव्हे, खरंखुरं. आक्काताईनं फडक्यातून सोडलेली ती ढेप. 'अरे वा, छान' असं म्हणून त्यांनी ती सिस्टरकडे दिली होती, फोडून सगळ्यांना वाटायला सांगितली होती. एक खडा स्वतः शेंगदाण्यांबरोबर खाल्ला होता. आणि तोंडात तो खडा विरघळत असतानाच चौतिसाव्या पेशंटच्या रकान्यात लिहिलं होतं: फरक, शून्य.

"गूळ कुणी केला, इचारलं का?"

"नाही, मामा." त्यांना इतकी लाज वाटते की त्या पदर नसताना पदर चाचपतात. "बाजारातला असेल असं वाटलं."

"आक्काताई घरी जाईस्तोवर रुसून बसली व्हती."

मग एकदम मृणालबाईंचा चेहरा उजळतो. "पण मग गुण आला, मामा! औषधानं गुण आला!"

"त्ये मी कुटं म्हटलं?" दौलू हात झटकतो. "औषधानं आला, का सरावानं, का आक्काताईच्या शिव्यांनी, मला काय ठावं? त्ये हुडकायचं काम तुमचं. मी आपला एवडंच सांगाय आलो, का बगाय कुणी आलंच न्हाई."

"आकडे मी बदलणार नाही हं. आलेत ते आलेत."

"बदलू नगा! करपलेला गूळ रंग फासून मी तरी कधी दिला न्हाई." तो पुन्हा काहिलीपाशी थांबतो. "आता शेवटचा प्रश्न. घाला बोट."

काहील उचलायला माणसं जमतात. मृणालबाई एकेकाला ओळखतात. हा अकरावा, रिक्षावाला. ही एकविसावी, बालवाडीच्या बाई. हा गवंडी. "आता काय काम करता तुम्ही?" त्या ओरडून विचारतात. सगळी एकदम सांगायला लागतात, हात हलवून हलवून, हसून हसून सांगतात. पण चरकाच्या घरघरीत एक अक्षर ऐकू येत नाही.

"जवळ गेल्याबिगर कळायचं न्हाई," दौलू म्हणतो. "घाला बोट. आदी गार पाण्यात."

मृणालबाई बोटं पाण्यात बुडवतात, डोळे मिटतात आणि पाक उचलतात. अंगठ्याला चटका बसतो. पाण्यात गोळी होते, मऊ. "आता?"

"न्हाई."

परत. मऊच.

"आता?"

दौलू नुसता बघतो, आणि त्याच्या मिशीत हसू आहे. तिसऱ्यांदा गोळी बोटाखाली घट्ट उभी राहते आणि मृणालबाईंना कळतं. कसं ते सांगता येणार नाही, पण कळतं.

"काढा!" त्या ओरडतात. "काढा, काढा!"

वर पंखा टकटकतोय. दारातून सुट्टीच्या पाळीची सिस्टर घाबरून डोकावतेय. "काय काढू, मॅडम?"

"काही नाही गं. जा तू."

मृणालबाई उठून बसतात. गाल ओले झालेत आणि हसू मात्र थांबत नाही. दौलूमामा निरोप न घेताच गेला, आणि आता विचारायला तो नाही. त्यांना त्याची आठवण येते, पोटातून येते. सपाता शोधायला पलंगाची कड धरतात आणि "आई गं!" करून हात मागे घेतात. उजव्या अंगठ्याच्या टोकाला टम्म फोड आलाय, पाण्यानं भरलेला. आता त्या डॉक्टरच, कारण शोधणारच. चहा केलेला नाही. डबा गार होता. खोलीत साधी मेणबत्तीसुद्धा नाही.

कारण सापडत नाही, तेव्हा त्या लॅपटॉपपुढे बसतात. आकड्यांना हात लावत नाहीत. फक्त शेवटचं वाक्य पुसतात आणि नवं लिहायला घेतात: 'आमच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. मात्र हे रुग्ण पूर्वी जे काम करत, ते आता करू शकतात का, हे आम्ही कुणालाही विचारलेलं नाही. प्रत्येकाच्या घरी व कामाच्या जागी जाऊन ते पाहीपर्यंत अभ्यास थांबवू नये.'

दोन शब्दांमध्ये जागा सोडायची कळ अंगठ्यानंच दाबावी लागते. दर शब्दाला फोड ठणकतो. मृणालबाई बोट बदलत नाहीत.