मावशीच्या भरताचा डबा

“अरे, बसनं जाय, बसनं! मावशी वाट पाहून राहिली!” आई ओट्यावरून अशी ओरडत होती की आमच्या असोदा गावच्या अर्ध्या केळी आडव्या झाल्या असत्या. वांगं भाजल्याचा वास आला की तो ओरडा मला अजून ऐकू येतो. धुळ्याला मावशी शेवटच्या दुखण्यात होती आणि तिनं एकच गोष्ट मागितली होती, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेल्या असोद्याच्या वांग्यांचं भरीत. मी म्हणालो, “बस पारोळ्यापर्यंत माणसाचंच भरीत करते. रेल्वेत पोटातलं पाणी हलत नाही!” चाळीसगावला गाडी बदलायची होती. फलाटावर डब्याचा वास सुटला, चार माणसं जमली, आणि आमचं एकेक वांगं बैलगाडीतून कसं न्यावं लागतं ते मी रंगवून सांगत बसलो. लोक हसत होते, तेवढ्यात माझ्या पाठीमागून धुळ्याची गाडी निघून गेली. संध्याकाळच्या गाडीनं पोचलो, तर मावशी दुपारीच गेली होती. एरवी मी शंभर गोष्टी सांगतो, ही कुणाला सांगितली नाही. डबा हातात धरून मी मावसभावाला म्हणालो, “बस फार आदळते रे.” तो म्हणाला, “अकराच्या बसवर मी तुला घ्यायला आलो होतो.”